एक कमांड मारली आणि अख्खा डेस्कटॉप उडाला. लिनक्सवर सॉफ्टवेअर नेमकं शोधायचं कसं?

गोष्ट आहे नोव्हेंबर २०२१ ची. कॅनडात लायनस सेबॅस्टियन नावाचा एक यूट्यूबर आहे. 'लायनस टेक टिप्स' हे त्याचं चॅनेल, सबस्क्रायबर कोटीच्या वर. कॉम्प्युटर खोलायचे, जोडायचे, त्यातल्या खोड्या काढायच्या यावर गड्याचं पोट चालतं. (लिनक्स बनवणारा लायनस टॉरवाल्ड्स वेगळा, नावं सारखी आहेत एवढंच.)

तर या लायनसने आणि त्याच्या सहकाऱ्याने पैज लावली. घरच्या कॉम्प्युटरवरून विंडोज काढायचं आणि लिनक्सवर दिवस काढून दाखवायचे. लायनसने 'पॉप ओएस' नावाचं लिनक्स टाकलं. गेम खेळायचे म्हणजे 'स्टीम' पाहिजे. त्याने स्टोअर उघडलं, स्टीम शोधलं, इन्स्टॉलचं बटण दाबलं. एरर आला.

मग त्याने तेच केलं जे आपण सगळेच करतो. इंटरनेटवर शोधलं, एक कमांड सापडली, ती टर्मिनलमध्ये टाकली. स्क्रीनवर भलीमोठी यादी आली. यादीच्या वर इशारा होता की खालची अत्यावश्यक पॅकेजेस काढून टाकली जातील, आपण काय करतोय हे नीट माहीत असल्याशिवाय पुढे जाऊ नका. तरीही जायचंच असेल तर 'हो, मी सांगतो तसं कर' या अर्थाचं अख्खं इंग्रजी वाक्य टाईप करा.

भावाने वाक्य टाईप केलं.

कॉम्प्युटर परत चालू झाला तेव्हा समोर काळी स्क्रीन आणि पांढरी अक्षरं. आयकॉन नाहीत, खिडक्या नाहीत. गेमचं एक सॉफ्टवेअर टाकायला गेला आणि अख्खा डेस्कटॉपच उडवून बसला. व्हिडीओ लाखो लोकांनी पाहिला आणि त्यावर जोरदार भांडण लागलं. अर्धे म्हणाले, चूक लायनसची, वाचलं का नाही? उरलेले म्हणाले, चूक लिनक्सची, साधं सॉफ्टवेअर टाकताना डेस्कटॉप काढण्याची सोय ठेवताच कशाला?

खरं तर दोन्ही बाजू बरोबर होत्या. पण त्या कसं ते कळण्यासाठी लिनक्सवर सॉफ्टवेअर येतं कुठून, हे आधी बघावं लागतं.

विंडोजवर आपली सवय ठरलेली असते. गुगल करा, कंपनीच्या साईटवर जा, फाईल उतरवा, नेक्स्ट नेक्स्ट फिनिश. लिनक्सवर हा रस्ता शेवटचा. तिथे पहिला रस्ता म्हणजे 'रिपॉझिटरी', म्हणजे सॉफ्टवेअरचं गोदाम. तुम्ही उबुंटू, डेबियन, फेडोरा जे काही वापरता, ते बनवणाऱ्या लोकांनी हजारो सॉफ्टवेअर्स आधीच तपासून, बांधून, त्यावर आपला शिक्का मारून तिथे ठेवलेली असतात. अशा एका बांधलेल्या पुडक्याला 'पॅकेज' म्हणतात.

ओळखीच्या वाण्याकडे जाऊन 'पुरणपोळीचं सामान द्या' म्हटलं की तो हरभऱ्याची डाळ, गूळ, वेलदोडे, कणीक सगळं काढून देतो. घरात डाळ असेल तर ती वगळतो. पॅकेज मॅनेजर नेमकं हेच करतो. एक सॉफ्टवेअर मागितलं की ते चालायला लागणारी बाकीची दहा पॅकेजेस तो स्वतः शोधून आणतो, जी आधीच आहेत ती सोडून देतो.

हे सुरुवातीपासून असं नव्हतं. १६ ऑगस्ट १९९३ ला अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात शिकणाऱ्या इयन मर्डॉक नावाच्या वीस वर्षांच्या पोराने डेबियनची घोषणा केली. गर्लफ्रेंड डेब्रा आणि स्वतः इयन, दोन नावं जोडून झालं डेबियन. त्या काळी एक सॉफ्टवेअर टाकायला गेलं की ते दुसरं मागायचं, दुसरं तिसरं मागायचं, आणि ते सगळं माणसाने हाताने शोधायचं. डेबियनवाल्यांनी यावर जो उपाय काढला त्याचं नाव 'ॲप्ट'. १९९९ च्या डेबियन २.१ मध्ये तो पहिल्यांदा आला आणि आज डेबियन, उबुंटू, मिंट, पॉप ओएस या सगळ्यांवर तोच चालतो. आपल्याकडे सी-डॅकने बनवलेलं 'बॉस' लिनक्ससुद्धा डेबियनवरच उभं आहे, त्यामुळे तिथेही हीच कमांड.

ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ च्या गोदामात ६९ हजार ८३० पॅकेजेस आहेत.

आता एवढ्या ढिगाऱ्यात आपल्याला हवं ते सापडणार कसं? नाव माहीत असेल तर प्रश्नच नाही. खरी गोची तेव्हा होते जेव्हा काम माहीत असतं पण नाव माहीत नसतं.

एक अस्सल मराठी उदाहरण घेऊ.

समजा घरात आजोबांच्या काळातलं एक पुस्तक आहे. कुणीतरी ते स्कॅन करून पीडीएफ बनवलीय. पण ती पीडीएफ म्हणजे नुसते फोटो. त्यातली ओळ कॉपी होत नाही, शब्द शोधता येत नाही. त्या फोटोंमधली अक्षरं ओळखून खरा मजकूर काढायचाय. या कामाला 'ओसीआर' म्हणतात एवढं तुम्हाला ऐकून माहितीये. बाकी काही नाही.

टर्मिनल उघडायचं आणि पहिल्यांदा 'सुडो ॲप्ट अपडेट' द्यायचं. (कमांड टाईप करायच्या इंग्रजी अक्षरांतच, इथे फक्त उच्चार दिलेत.) नाव अपडेट असलं तरी या कमांडने एकही सॉफ्टवेअर अपडेट होत नाही. गोदामातल्या मालाची ताजी यादी तेवढी येते. सॉफ्टवेअर खरोखर नवं करणारी कमांड 'अपग्रेड'. या दोन नावांनी गेल्या कित्येक वर्षांत जेवढा गोंधळ घातलाय तेवढा क्वचितच कुणी घातला असेल. पण यादी जुनी असेल तर शोधही जुन्याच यादीत होतो, म्हणून हे आधी.

मग 'ॲप्ट सर्च ओसीआर'. आता यादी लांबलचक येते. टेसरॅक्ट, गोसीआर, ओक्रॅड, ओसीआरमायपीडीएफ, जीइमेजरीडर आणि बरंच काही. कारण हा शोध नुसत्या नावात होत नाही, प्रत्येक पॅकेजच्या वर्णनातही होतो. कुठल्या तरी वर्णनात ओघात तो शब्द आला असेल तरी ते पॅकेज हजर.

इथेच बरेच जण कंटाळून टर्मिनल बंद करतात. पण दुसरा शब्द जोडला की काम सोपं होतं. 'ॲप्ट सर्च ओसीआर मराठी' असं इंग्रजीत दिलं की दोन्ही शब्द ज्यात आहेत तेवढंच येतं. आणि समोर दिसतं 'टेसरॅक्ट-ओसीआर-एमएआर'.

हे टेसरॅक्ट मोठं जुनं खोड आहे. १९८० च्या दशकात ह्युलेट-पॅकार्ड कंपनीत त्याचं काम सुरू झालं, २००५ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं, पुढे गुगलने त्याला हातभार लावला. पण ही माहिती नसलेल्या माणसाला 'टेसरॅक्ट' हा शब्द सुचणार तरी कसा? म्हणूनच नावाने नाही, कामाने शोधायचं.

आता यातली मेख बघा. नुसतं 'टेसरॅक्ट-ओसीआर' टाकलं तर त्याच्यासोबत इंग्रजी ओळखण्याची फाईल येते, मराठीची येत नाही. मग माणूस मराठी पान त्याला वाचायला देतो, समोर इंग्रजी अक्षरांची खिचडी येते, आणि 'लिनक्सला मराठी जमत नाही' असा निकाल लावून तो मोकळा होतो. प्रत्यक्षात मराठीचं पॅकेज गोदामात पडून असतं. ते टाकायचं आणि चालवताना भाषा म्हणून 'एमएआर' सांगायचं, बस्स. सगळ्या पीडीएफवर एकदम काम करायचं असेल तर ओसीआरमायपीडीएफ हेच टेसरॅक्ट वापरून ते करतं.

या एमएआर वरून आठवलं. मराठी माणसाला लिनक्सवर आपल्या भाषेच्या गोष्टी सापडत नाहीत यामागे एक साधं कारण आहे. मराठीचे संगणकातले कोड दोन आहेत. दोन अक्षरी 'एमआर' आणि तीन अक्षरी 'एमएआर'. टेसरॅक्टवाले तीन अक्षरी वापरतात. लिब्रेऑफिसचे मेनू मराठीत करायचे असतील तर पॅकेज आहे 'लिब्रेऑफिस-एल१०एन-एमआर', म्हणजे दोन अक्षरी. मराठी शुद्धलेखन तपासणारा कोश 'ॲस्पेल-एमआर', तोही दोन अक्षरी. (हे एल१०एन म्हणजे काही गूढ नाही. लोकलायझेशन या इंग्रजी शब्दात पहिल्या एल आणि शेवटच्या एनच्या मध्ये दहा अक्षरं येतात, लिहायचा कंटाळा म्हणून आकडा.)

आणि फॉन्ट शोधायला गेलात तर दोन्ही कोड चालत नाहीत. कारण फॉन्ट भाषेचा नसतो, लिपीचा असतो. तिथे शोधायचं 'देवा', म्हणजे देवनागरी. 'फॉन्ट्स-लोहित-देवा' हे पॅकेज असं सापडतं. लोहित हा संस्कृत शब्द, अर्थ लाल. रेड हॅट कंपनीने हे फॉन्ट मोफत खुले केले आणि कंपनीच्या पुण्यातल्या ऑफिसमधल्या इंजिनिअर्सनी त्यावर कैक वर्षं काम केलं. लिनक्सवर चौकोनी डबे न दिसता नीट मराठी दिसायला लागलं, त्यात या मंडळींचा वाटा मोठा आहे.

पॅकेज सापडलं की लगेच टाकायचं का? नाही. 'ॲप्ट शो' आणि पुढे पॅकेजचं नाव. आवृत्ती कुठली, सांभाळतंय कोण, मूळ साईट कुठली, त्याला आणखी काय काय लागतं, डिस्कवर जागा किती खाणार, सगळं एका पानावर येतं. अर्ध्या मिनिटाचं काम. आणि हे अर्धं मिनिट का द्यायचं, यासाठी एक जुना किस्सा.

ब्राऊझर मागितला आणि विमानाचा गेम आला

गुगलच्या क्रोमचा खुला भाऊ म्हणजे 'क्रोमियम'. पण डेबियन-उबुंटूच्या गोदामात 'क्रोमियम' हे नाव त्याआधीच एका गेमने घेतलं होतं. वरून खाली येणारी शत्रूची यानं पाडायची, असा तो गेम. त्यामुळे ब्राऊझरला 'क्रोमियम-ब्राऊझर' या नावाने बसावं लागलं. नुसतं क्रोमियम मागणाऱ्याच्या पदरात गेम पडायचा. पुढे गेमचं नाव बदललं आणि डेबियनमध्ये ब्राऊझरला त्याची जागा मिळाली.

असंच 'गिट'चं झालं. आज जगभरातले प्रोग्रामर ज्यावर जगतात ते गिट डेबियनमध्ये २०१० पर्यंत 'गिट-कोर' नावाने होतं, कारण गिट नावाचं दुसरंच एक पॅकेज तिथे आधीपासून होतं. नोड.जेएस आलं तेव्हा 'नोड' हे नाव हॅम रेडिओवाल्यांच्या प्रोग्रामकडे होतं. तो वाद डेबियनच्या तांत्रिक समितीपर्यंत गेला.

वेगवेगळ्या लिनक्समध्ये एकाच वस्तूची नावंही वेगळी. अपाची वेब सर्व्हर डेबियनवर 'अपाची२', फेडोरावर 'एचटीटीपीडी'. त्यामुळे फेडोरासाठी लिहिलेला सल्ला उबुंटूवर जसाच्या तसा मारला की 'असं पॅकेज नाही' हेच उत्तर येणार. पॅकेज नसतं असं नाही, नाव वेगळं असतं.

आणखी एक वेळ येते जिथे नावही माहीत नसतं, कामही माहीत नसतं. फक्त एरर असतो. 'अमुक तमुक फाईल सापडली नाही' आणि फाईलचं नाव 'लिबजीएल.एसओ.१' असलं काहीतरी अगम्य. यासाठी 'ॲप्ट-फाईल' नावाचं वेगळं साधन आहे. त्याला फाईलचं नाव दिलं की ती कुठल्या पॅकेजमध्ये येते ते तो सांगतो. या उदाहरणात उत्तर येतं 'लिबजीएल१'. फेडोरावर हेच काम 'डीएनएफ प्रोव्हाइड्स' करतं. एररची ओळ गुगलवर टाकून पाच वर्षं जुने सल्ले चाळण्यापेक्षा हे कितीतरी बरं, पण का कुणास ठाऊक, नवख्यांना हे कुणी सांगतच नाही.

बाकीच्यांचं थोडक्यात. फेडोरावर 'डीएनएफ सर्च', आर्चवर 'पॅकमॅन'ला एस-एसचा पर्याय देऊन, फ्रीबीएसडीवर 'पीकेजी सर्च', मॅकवर होमब्रू असेल तर 'ब्रू सर्च'. अँड्रॉइड फोनवर टर्मक्स टाकलं असेल तर तिथेही 'पीकेजी सर्च' चालतं. कल्पना सगळीकडे एकच.

पण गोदामात मिळालंच नाही तर?

खरा धोका इथून पुढे. माणूस गोदामाच्या बाहेर पडतो आणि ज्या साईटवर आधी पाय पडेल तिथून उचलतो.

जानेवारी २०२५ मध्ये मॅकवाल्यांसोबत हेच झालं. होमब्रूच्या नावाने गुगलवर जाहिरात दिसत होती. जाहिरातीत पत्ता खरा दिसायचा, पण क्लिक केलं की एक 'ई' जास्त असलेल्या दुसऱ्याच साईटवर माणूस पोहोचायचा. पान हुबेहूब. तिथली कमांड कॉपी करून टर्मिनलमध्ये टाकली की होमब्रूच्या जागी पासवर्ड चोरणारा प्रोग्राम बसायचा.

बरं, 'स्टोअर' लिहिलंय म्हणजे सुरक्षित, असंही नाही. उबुंटूच्या स्नॅप स्टोअरमध्ये कुणीही स्वतः बनवलेलं ॲप चढवू शकतं. मे २०१८ मध्ये तिथल्या एका साध्या गेममध्ये लोकांच्या कॉम्प्युटरवर गुपचूप क्रिप्टो चलन खणणारा कोड सापडला. सप्टेंबर २०२३ मध्ये खोटी क्रिप्टो वॉलेट्स सापडली, आणि नवीन नाव नोंदवताना माणसाने तपासणी करण्याचा नियम उबुंटूच्या कंपनीला आणावा लागला. आर्चच्या 'एयूआर'मध्येही जुलै २०२५ मध्ये फायरफॉक्स, लिब्रेवुल्फ अशा ब्राऊझर्सची दुरुस्त आवृत्ती असल्याचं भासवणारी तीन पॅकेजेस आली. त्यात कॉम्प्युटरचा ताबा घेणारा प्रोग्राम होता. दोन दिवसांत ती काढली गेली, पण दोन दिवस ती तिथे होती.

उबुंटूची एक सोय तर याबाबतीत गमतीशीर आहे. नसलेली कमांड टाईप केली की ती 'हे पॅकेज टाका' असं सुचवते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरक्षा संशोधकांनी दाखवलं की एखाद्या प्रसिद्ध कमांडचं नाव स्नॅप स्टोअरमध्ये मोकळं असेल तर चोर ते नोंदवू शकतो, आणि मग उबुंटू स्वतःच चोराचा माल सुचवायला लागतं. त्यांनी उदाहरण म्हणून ज्युपिटर नोटबुकचं नाव स्वतः नोंदवून दाखवलं होतं.

त्यामुळे सुचवलेलं पॅकेज येतंय कुठून हे बघणं आलंच. 'ॲप्ट पॉलिसी' आणि पॅकेजचं नाव दिलं की ते कुठल्या गोदामातून येणार हे दिसतं. उबुंटूचा स्वतःचा पत्ता दिसला तर ठीक. कधीतरी कुणाच्या तरी सांगण्यावरून जोडलेला परका पत्ता दिसला तर थांबून विचार करायचा. गोदामाबाहेरचंच घ्यावं लागलं तर मूळ प्रकल्पाच्या साईटवरूनच, आणि तीही जाहिरातीवर क्लिक करून नाही.

मग गोदाम तरी शंभर टक्के सुरक्षित आहे का?

मार्च २०२४. अँड्रेस फ्रॉइंड हा मायक्रोसॉफ्टमधला इंजिनिअर पोस्टग्रेस डेटाबेसच्या वेगाची चाचणी घेत होता. डेबियनच्या 'सिड' या कच्च्या आवृत्तीवर त्याला जाणवलं की दूरच्या कॉम्प्युटरवर लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय. दुसऱ्या कुणी सोडून दिलं असतं. याने मागोवा घेतला आणि 'एक्सझेड' नावाच्या, फाईली दाबून लहान करणाऱ्या साध्या पॅकेजमध्ये चोरदरवाजा सापडला. 'जिया टॅन' नावाने वावरणाऱ्या कुणीतरी दोन वर्षांहून जास्त काळ प्रामाणिक मदतनीस बनून विश्वास कमावला होता आणि मग ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये तो कोड घुसवला होता. हा जिया टॅन नेमका कोण, ते आजवर उघड झालेलं नाही.

पण यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी. डेबियनमध्ये नवा माल आधी सिडमध्ये येतो, मग 'टेस्टिंग'मध्ये मुरतो आणि शेवटी 'स्टेबल'मध्ये जातो. (नावं 'टॉय स्टोरी' सिनेमातली. सिड म्हणजे त्यातला खेळणी मोडणारा पोरगा.) चोरदरवाजा सिड आणि टेस्टिंगपर्यंत पोहोचला होता, स्टेबलपर्यंत नाही. डेबियनच्या स्टेबलमध्ये सॉफ्टवेअर जुनं मिळतं म्हणून लोक नाकं मुरडतात. त्या वेळी त्याच जुनेपणाने वाचवलं.

आता परत लायनसकडे. त्याने पॅकेज बरोबर शोधलं होतं. गोदामही पॉप ओएसचंच होतं. त्या दिवशी स्टीमच्या पॅकेजमध्ये दोष होता, त्याची गरज डेस्कटॉपच्या पॅकेजेसशी जुळत नव्हती. ॲप्टने हिशोब मांडला की स्टीम हवं असेल तर डेस्कटॉप काढावा लागेल, आणि तसं लिहूनही दाखवलं. पण ते अशा नावांच्या गर्दीत की नवख्या माणसाला त्यातलं डेस्कटॉप कुठलं हे कळावं कसं?

म्हणून पॅकेज टाकताना 'वाय' दाबायच्या आधी त्या यादीत एकच मथळा शोधायचा, 'रिमूव्ह'. त्याच्याखाली काही नसेल तर बिनधास्त पुढे जा. काही असेल तर 'एन' दाबा आणि ती नावं एकेक करून 'ॲप्ट शो'ला विचारा. आणि आधीच बघायचं असेल तर इन्स्टॉलच्या कमांडला 'डॅश एस' जोडा. काय काय होईल ते सगळं दिसतं, प्रत्यक्षात काहीच होत नाही.

स्टीमचं दुरुस्त पॅकेज लवकरच आलं. पॉप ओएसवाल्यांनी त्यानंतर ॲप्टमध्येच बदल केला, आणि ते वाक्य टाईप करून डेस्कटॉप उडवण्याची सोय त्यांनी सरळ काढून टाकली.